मतपेटीच्या झाकणातली हळद

भोसरीला आमच्या शेडच्या मागं थोडी मोकळी जागा आहे. थंडीत दुपारचं ऊन तिथं येतं आणि उठायचं नाव घेत नाही. बायको आणि मी तिथंच डबा खायचो. आता मी एकटाच बसतो. ऊन अंगावर पडून राहतं, डोळा लागला की नाही ते कळत नाही, आणि समुद्र दिसायला लागतो. मी समुद्र काही जवळून पाहिलेला नाही. तरी दिसतो. पलीकडं एक बेट, नारळाच्या सावलीत माणसांची रांग, आणि रांगेच्या टोकाला टेबलावर आमची पेटी.

पेटी म्हणजे मतपेटी. त्या बेटांच्या देशात अजून कागदावर शिक्का मारून मत टाकतात. तिकडं निवडणूक व्हायची होती आणि पेट्यांची ऑर्डर आमच्या मालकाला लागली. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, मग पांढरा रंग. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बारीक धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. कानशीनं ती बर काढायचं काम बायकोकडं होतं. मत टाकायच्या फटीवर तर ती बसूनच राहायची. घासून झालं की पदराचं टोक फटीतून ओढून बघायची. सूत अडकलं की पुन्हा कानस.

मी म्हणायचो, "अगं, पेटी हाय ती, पाळणा न्हाई."

"म्हातारी माणसं येत्याल मत टाकाया. बोट कापलं तर शिव्या कुनाला? तुमालाच."

तिच्या सगळ्या लुगड्यांच्या पदराचं एक टोक उसवलेलं आहे, ते असं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. हळदकुंकू दरवर्षी तीच लावायची. त्या वर्षी मशिनी झाल्या आणि ती भिंतीला रचलेल्या पेट्यांकडं वळली. झाकण उघडायचं, आतून ओल्या हळदीचं बोट टेकवायचं, शेजारी कुंकवाचं, झाकण बंद. एकेक करत सगळ्या.

मी म्हटलं, "ह्यास्नी कशाला?"

"समुद्रापल्याड निघाल्यात. मोकळ्या कपाळानं कुनी धाडतं का? आतूनच लावते, मालक वरडायला नको."

दिवाळीच्या आत ती गेली. तापाचं निमित्त झालं. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

तिचं दिवसकार्य झालं आणि मी शेडवर जायला लागलो. घरात बसून करायचं काय? पेट्या होत्या तिथंच होत्या. डबा खाल्ला की मी एखादं झाकण उघडायचो. हळदीत तिच्या बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, मधल्या बोटाच्या, कानशीनं झिजलेल्या. घरी तिचा फोटो आहे, पण त्यात ती फोटोवाल्याकडं बघते. इथं तिचं बोट होतं. मी जवळ तोंड नेऊन बघत बसायचो. कुणी हसलं तर हसू दे.

पेट्या कधीच्याच जायला हव्या होत्या. त्या अडकल्या होत्या. मालकानं सांगितलं ते असं. त्या देशात लोकशाही रुजवायला देशांचे दोन गट निघालेत. एक गट त्यांच्या शेजारच्या देशांचा, दुसरा लांबच्या मोठ्या देशांचा. दोघांच्या वेगवेगळ्या योजना, आणि निवडणूक आपल्यामुळं झाली असं जगाला दिसावं ही दोघांची इच्छा. शेजाऱ्यांनी पेट्यांची ऑर्डर दिली, तर मोठे म्हणाले निम्म्या आमच्याकडून. आता पेटीवर चिन्ह कुणाचं, इथं गाडी थांबली होती.

आमचा वेल्डर जुना, इथल्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, "चाचा, अजून एक मत पडलं नाही अन् निकालावरून भांडण चालू!"

मग एक दिवस टेम्पोंच्या गर्दीतून वाट काढत गाड्या आल्या. दोन गटांची दोन माणसं, त्या बेटांच्या देशाची एक बाई आणि दिल्लीहून आपल्या परराष्ट्र खात्याचे साहेब. साहेब नागपूरकडचे निघाले, मराठी बोलायचे. दोन्ही गटांशी आपल्या सरकारचं चांगलं, म्हणून मध्ये हे. चहा आला तर कप कुणाच्या हातात आधी द्यायचा नाही, ट्रे मधोमध ठेवा, ज्याचा तो घेईल, असं त्यांनी मालकाच्या कानात सांगितलं. मला गंमत वाटली.

चिन्ह उजवीकडं की डावीकडं, सारखं की लहानमोठं, झाकणावर की पोटावर, बराच वेळ चाललं. बाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. एका पोरीला दोन तालेवार स्थळं यावीत आणि दोन्ही घरं गावातलीच असावीत, तेव्हा पोरीची आई बसते तशी ती बसली होती. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. कुणाचंच चिन्ह नको. पेटी कोरी जाईल. दोघांनी माना हलवल्या. मालकाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मोठ्या देशांच्या माणसानं सहज म्हणून एक झाकण उघडलं.

त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या गटाच्या झेंड्यात पिवळा आणि लाल रंग आहे, हे मला मागून कळलं. त्याला वाटलं, यांनी गुपचूप आपली खूण मारून ठेवलीय. शेजाऱ्यांचा माणूस हात झाडून नाही नाही म्हणायला लागला. इंग्रजी जोरात सुरू झालं. साहेबांनी मालकाकडं बघितलं, मालकानं माझ्याकडं.

मी म्हणालो, "हळदकुंकू हाय ते. माज्या बायकोनं लावलंय. ती वारली."

साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. बाई उठली. तिनं पेटीच्या फटीत बोट घातलं, पुढं नेलं, मागं आणलं, आणि काहीतरी म्हणाली.

साहेब म्हणाले, "त्या म्हणतात, त्यांच्याकडच्या जुन्या पेट्यांना हात कापायचा. पण हे हळदकुंकू पुसावं लागेल."

"ते घासकाम बी तिचंच," मी म्हणालो. "मग हळदकुंकू बी राहू द्या की. आतून हाय, कुनाला दिसतंय?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "काका, मतदान सुरू व्हायच्या आधी पेटी उघडून सगळ्यांना दाखवतात, आत काही नाही म्हणून. तेव्हा कुणी विचारलं, हे काय, तर या बाईंनी काय सांगायचं?"

"सांगा म्हणावं, एका बाईचं बोट हाय. कुठल्या देशाचं न्हाई."

"मला कळतं. पण एक खूण राहिली की उद्या दोघंही म्हणतील आमचीही ठेवा. पेट्या इथंच राहतील. निवडणूकच लांबेल."

बाईनं माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "पुसतो मी. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

साबणाच्या पाण्यानं कुंकू लगेच गेलं. फडकं गुलाबी झालं. हळद मात्र बसली होती. दुसऱ्या दिवशी मालक थिनरचा डबा घेऊन आला. "मामा, मारा थिनर आणि मोकळे व्हा. साहेबांचे फोन येतायत."

"ठेव तिकडं. हळद उन्हात जाती."

माझ्या शर्टावर कालवण सांडायचं, तेव्हा ती धुऊन उन्हात टाकायची. डाग घासायची नाही. ऊन खाऊ दे त्याला, म्हणायची.

वेल्डरनं आणि मी पेट्या मागच्या जागेत नेल्या. झाकणं उघडी, तोंडं उन्हाकडं. मी मधे बसलो. पिवळं हळूहळू फिकं व्हायला लागलं. एका झाकणावर मी नजर धरून बसलो, म्हटलं जाताना तरी बघू. तसं बघता येत नाही. ते जातंय असं दिसत नाही, मागचं आठवलं तर कमी झालंय एवढंच कळतं. ऊन ऊबदार होतं. डोळा लागला, समुद्र आला, पांढऱ्या पेट्या पाण्यावरून झाकणं उघडी टाकून निघाल्या होत्या. जागा झालो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि झाकणं कोरी होती. वाईट वाटलं. फार वाटलं.

माझा डबा मी तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून नेतो. तो सोडला आणि जवळच्या पेटीच्या फटीतून ओढला. अडकला नाही. दुसरीतून ओढला. मग तिसरीतून.

वेल्डर झाकणं लावत होता. "चाचा, आता काय बघताय?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "पास हाय. लाव झाकण."