बाराच्या आधीचे पाहुणे

ज्ञानोबाभाऊ घड्याळ गिळूनच जन्माला आले, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. मुखेडच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर नांदेडला माझ्या घरासमोर घर बांधलं. वरच्या खोलीत नवराबायको राहू लागले आणि खालच्या दोन खोल्या मोबाईलवरून दिवसाच्या भाड्यानं द्यायला लागले. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला लांबून लांबून माणसं येतात, त्यामुळं खोल्या सहसा रिकाम्या राहायच्या नाहीत.

भाऊंचा नियम एकच, पाहुण्यानं दुपारी बारा वाजता आत यायचं. रेल्वे मात्र सकाळीच येते. दमलेली माणसं बॅगांवर बसून उन्हात वाट बघायची आणि पंचशीलावहिनी नवऱ्याशी भांडायच्या.

"अवो, दारात माणूस हाय. पाणी तरी देऊ द्या."

"एकाला आधी घेतलं की समदेच आधी येतेत. बारा म्हंजे बारा."

वहिनी कसल्या ऐकतात! भाऊ पेपर वाचायला विहाराच्या वाचनालयात गेले की त्या पाहुण्यांना आत घ्यायच्या, तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ-शेंगदाणे द्यायच्या. भाऊ परत आले की मग जुंपायची. मी समोर शिलाई मशीनवर बसून ब्लाऊज शिवते, मला बसल्याजागी करमणूक होती.

एकदा तर वहिनी स्वतःच उमरीहून, माहेराहून, लवकरच्या बसनं आल्या. भाऊ खोल्या पुसत होते आणि वर जायचा जिना आतूनच. ते आतूनच ओरडले, "थांब. फरशी ओली हाय." सख्खी बायको उन्हात पायरीवर, पिशवी मांडीवर! मी माझ्याकडे बोलावलं तर वहिनी हसून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सिंधुबाई. एक दिवस मी बी बसवीन ह्यांना."

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता माणूस गेलं. मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

भाऊंनी नियम काही सोडला नाही. सकाळी खोल्या पुसायच्या, बाहेरून कुलूप घालायचं, वाचनालयात जायचं आणि बाराला परत यायचं. दिवाळीनंतर एकदा ते परत आले तर कुलूप कडीला उघडं लोंबतंय आणि पंजाबातली एक म्हातारी सुजलेले पाय वर घेऊन आत कॉटवर पडलीय. हातात गूळ-शेंगदाण्यांची वाटी. भाऊ तडक माझ्याकडे आले.

"सिंधुबाई, किल्ली तुम्हाला कोनी दिली?"

"मला? तुमच्या किल्लीचं मी काय लोणचं घालू?"

म्हातारीला विचारलं, तर म्हणाली, आंटीनं दार उघडलं. चष्म्याची दांडी जांभळ्या दोऱ्यानं बांधलेली आंटी. माझ्या हातातली कात्री खाली पडली. तो दोरा माझ्याच रिळाचा होता, मीच वहिनींना बांधून दिला होता.

भाऊंनी कुलूप बदललं. "आपण बाबासाहेबांची माणसं, भूतबित मानत न्हाई," असं कुणी विचारलेलं नसताना मला दोनदा ऐकवलं. नव्या कुलपाचाही काही उपयोग झाला नाही. बाराच्या आधी आलेला पाहुणा आत बसलेला सापडायचाच. मी त्या दारावर नजर ठेवून बघितली. पण सुईत दोरा ओवायला मान खाली घालावी आणि वर बघावं तर पायरी रिकामी. वहिनींची कसली भीती, असं मी मनाला समजवायची, तरी समोरची खिडकी लावून घ्यायला लागले.

उन्हाळ्यात त्यांच्या लेकीनं, महामायानं, घर विकायचं ठरवलं. बाबांना पुण्याला न्यायचं होतं. रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. शुक्रवारी भाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या मोबाईलवरून माझ्या खोलीचं बुकिंग करा. उद्याचं. नाव कोनतं बी टाका."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. समद्या जगाला दिसून राहिली ती. मला एकदा दिसू दे, मग घर गेलं तरी चालंल."

या माणसाची मी कायम टर उडवत आले. त्या दिवशी जमलं नाही. शिवलिंग असं नाव टाकून मी बुकिंग केलं.

शनिवारी भाऊ कुलूप घालून स्टेशनवर गेले आणि रेल्वेच्या गर्दीबरोबर रेक्झिनची बॅग घेऊन परक्यासारखे परत आले. वहाणा काढल्या. स्वतःच कुलूप घातलेल्या दाराची कडी वाजवली. "पाहुने आलेत," म्हणाले. आतून काही हालचाल नाही. मग ते पायरीवर बसले. ऊन चढत गेलं. मला राहवेना, छत्री घेऊन मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात आत बादली सरकली. फडकं पिळल्याचा आवाज आला. भाऊ ताडकन उठले.

"पंचशीला, दार उघड. मी हाय."

दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, वहिनी बोलल्या, "थांबा. फरशी ओली हाय."

भाऊ मटकन खाली बसले आणि रडता रडता हसायला लागले. किल्ली त्यांच्या खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. बारा वाजल्यावरच त्यांनी कुलूप उघडलं.

आत कुणी नव्हतं. उंबऱ्यालगत स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि एक वाटी होती. वाटीत नुसते शेंगदाणे. आजवर झाडून सगळ्या पाहुण्यांना गूळ मिळाला होता. भाऊंना मात्र शुगर आहे.

"वळखलं की तिनं," ते म्हणाले.

मे महिन्यातली नांदेडची फरशी, बघता बघता कोरडी व्हायला हवी. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती ओली होती. दिवेलागणीला गेले तेव्हाही ओलीच. भाऊ वाटी मांडीवर घेऊन उंबऱ्याबाहेर बसले होते आणि शेजारी महामायाचा फोन वाजत होता.

"तुम्हीच सांगा तिला," ते मला म्हणाले. "उद्या कुनाला आणू नको म्हणावं. फरशी वाळली न्हाई अजून."

मी फोन उचलला आणि तसंच सांगितलं.