आक्काच्या खड्ड्यातला हंसराज

शहापुरातल्या आक्काच्या घरी मागाच्या खोलीचे दार उघडले, की आधी ओल्या मातीचा गारवा पायांना बिलगतो आणि मग अंधुक उजेडात, जुन्या हातमागाच्या खड्ड्यात, हंसराज नेचा दिसतो. काळ्याभोर, केसासारख्या देठांवर हिरव्या पानांची ती झुलती कोवळीक! पाहणाऱ्याचे डोळे निवतात म्हणे. माझे मात्र जळतात. खोटे कशाला बोलू?

आक्का माझी सख्खी थोरली बहीण. तिने काठी रोवली तरी पालवी फुटायची, आणि माझ्या हातची मेथीसुद्धा रुसायची. या वयात तरी हे शल्य बोथट व्हावे ना? पण छे! मच्छे गावातल्या माझ्या नव्या घरी, उन्हाच्या गॅलरीत, तीनदा नेचे लावले आणि तिन्ही वेळा पाचोळा झाला.

चोरून आणलेले रोप हमखास जगते, असे आपल्याकडे म्हणतात. गेल्या श्रावणात आक्का चहा टाकायला आत गेली आणि मी, दोन नातवंडांची आजी, खड्ड्यात वाकून एक झुबका मुळासकट उपटला नि पिशवीत दडवला! घरी त्याला कोवळे ऊन दाखवले, शेणखत घातले, तांब्यातांब्याने पाणी ओतले. आठवड्यात तो करपला.

पुढच्या खेपेला आक्का हसत म्हणाली, "न्हेलंस ते न्हेलंस, पन उनात ठेवलंस व्हय गं? त्येला सावली लागती, आन हवेत वल. नुसतं मुळात वतून काय हुतंय?" मी लाजेने अर्धी झाले.

बोलता बोलताच ती उठली आणि तांब्यात बोटे बुडवून खड्ड्यात पाणी शिंपडू लागली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, त्याच खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचे. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून लग्न झाल्यापासून ती दिवसातून तीनदा असे शिंपडायची. दाजी गेले, मागही मोडीत निघाला, शिंपडणे तेवढे उरले. हंसराज कुणी लावलाच नव्हता. त्या ओलीवर तो आपण होऊन आला होता. "हात ऱ्हात न्हाय बघ," एवढेच ती म्हणाली.

तिने दिलेला झुबका आता माझ्या न्हाणीघराच्या सावलीतल्या खिडकीत जगला आहे. मोबाइलचा गजर वाजला की मी उठते, पाणी शिंपडते. ओल्या मातीचा तोच गारवा पसरतो आणि आक्काचा हेवा नव्याने उफाळून येतो. बाहेरच्या खोलीत माझे यजमान धडधाकट पेपर वाचत बसलेले असतात, आणि मी विधवा बहिणीवर जळते! चाळीस वर्षांच्या संसारात माझा हात त्यांच्यासाठी असा गजराविना कधी उठला होता का? आठवून पाहते. आठवत नाही.