मागच्या पानांवरचे शब्द

"आधी मोठ्यानं म्हणून पाहा," असं म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघत बसायचे. मी टेबलाच्या अलीकडे, ते पलीकडे, हेल्मेट मांडीवर घेऊन. मी म्हणायचे, "झ्वेर्क." ते मान हलवायचे आणि जीभ थोडी आत घ्यायला सांगायचे.

सीताबर्डीवरच्या एका लहान प्रकाशनात मी हस्तलिखितं तपासते. लेखक तऱ्हेतऱ्हेचे येतात. तुम्हीही असे दोनचार पाहिले असतील. पण चहा घेऊन येणाऱ्याकडूनसुद्धा आपले शब्द म्हणवून घेणारे मला हे एकटेच भेटले.

कोराडीच्या वीज केंद्रात, कोळसा तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली, ती सूर्य न दिसणाऱ्या एका देशाची. तिथली माणसं, जनावरं, भांडी, नाती, सगळ्यांना नवी नावं दिली आणि शेवटी जाडजूड शब्दसूची जोडली. पहिलंच वाक्य होतं: 'झ्वेर्काने त्रुंभ उचलला आणि म्हौलीकडे पाहिलं.' तीनदा मागची पानं उलटल्यावर मला कळलं, की पाणक्याने घागर उचलली आणि बायकोकडे पाहिलं.

"मग घागरच का लिहीत नाही?" मी विचारलं.

"त्या देशात घागर नाही, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "घागर लिहिली की वाचक नागपुरातच राहते. मले त्याले तिकडे न्यायचं आहे."

हे मला खोडता आलं नाही. अनोळखी शब्दाला एक ओढ असते, लहानपणी गोष्टी ऐकलेल्या कोणालाही ती माहीत आहे. पण दर ओळीला मागे पळणारा वाचक कुठेच पोचत नाही, हेही खरं. मी तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. पुढच्या खेपेला शब्दसूची आणखी सविस्तर लिहून घेऊन आले.

त्यांच्या पत्नी, मी त्यांना काकू म्हणते, कुहीकडच्या धानाच्या गावातल्या. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. दुपारची जेवणं झाली की हे त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे. आता ऐकणाऱ्याला कुठून मागचं पान उलटता येणार? म्हणून दर शब्दाला थांबून अर्थ सांगायचे. काकूंनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाल्या, "तुम्ही गोष्ट सांगून राहिले का शिकवणी घेऊन राहिले?"

हे त्यांनीच मला सांगितलं, जरा ओशाळून. अर्थ नाही सांगितला तर तुले समजन कसं, असं त्यांनी काकूंना विचारलं होतं. त्यावर काकूंनी लग्नानंतरची आठवण काढली. वीज केंद्राच्या कॉलनीत आल्या तेव्हा यांच्या कामातला एकही शब्द त्यांना ठाऊक नव्हता. एक दिवस हे 'शटडाउन आहे' म्हणाले, डबा उचलला आणि गेले. मग कितीतरी दिवस हे नुसते आंघोळीपुरते घरी यायचे, तेही काळेठिक्कर होऊन.

"मले कोणी अर्थ सांगतला का?" काकू म्हणाल्या होत्या. "मी समजली, शटडाउन म्हणजे नवरा घरी नसते. चुकलं का माझं?"

सांगताना ते हसले. पण जाताना हस्तलिखित काखेत मारून परत घेऊन गेले.

पुढची दोन वर्षं त्यांनी ती कादंबरी पुन्हा लिहिली. शब्द काकूंच्या कानावर वेगवेगळ्या प्रसंगांतून पडू द्यायचा, अर्थ सांगायचा नाही, हा नेम. काकूंना अर्थ विचारावा लागला तर दोष प्रसंगाचा. तो प्रसंग फाडून नवा लिहायचा. झ्वेर्क गेला, त्रुंभ गेला. राखेची सर येते ती 'राखसर' झाली. अंधारात ज्याचा फक्त आवाजच ओळखीचा, तो 'कानसोबती' झाला. शब्दसूची बारीक होत होत एका पानावर आली.

मग एके दिवशी ते आले आणि तेही पान माझ्यासमोर काढून टाकलं. काकू बहिणीशी फोनवर बोलत होत्या, म्हणाले. बोलता बोलता तिला म्हणाल्या, "आता तूच तर माझी कानसोबती वं."

"बरं, मग?" मी विचारलं.

"बहिणीनं अर्थ विचारला नाही, मॅडम." त्या दिवशी त्यांचा चहा निवून गेला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. झोपेतच. शेवटचं प्रकरण नुकतंच माझ्याकडे दिलं होतं. त्यांचं अक्षर आता त्यांनाच लागेना, म्हणून टाइप करून द्या, मग तिले वाचून दाखवतो, म्हणाले होते. ते राहून गेलं.

टाइप केलेले कागद घेऊन मी कोराडीला त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला दिवाणावर शेजारी बसवून घेतलं आणि मी वाचायला लागले. पाणक्या पुष्कळ भटकून घरी येतो. घरात कोणी नाही. त्यालाच शोधायला बायको आत्ता कुठे बाहेर पडलेली. तो खाटेवर, तिच्या जागी हात ठेवतो. 'मागूब अजून होती.'

मी थांबले. त्या शब्दापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलेलं होतं. अख्ख्या पुस्तकात तो कुठेच आलेला नाही, आणि विचारायचं तर आता कोणाला? काकूंना मी सांगितलं, की इथे खाली अर्थ द्यावा लागेल. ते तुम्हाला कधी काही बोलले होते का?

नाही, म्हणाल्या. पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"जरा उभ्या राहता का, बाई?"

मी उभी राहिले. काकूंनी चादरीवरून हात फिरवत फिरवत मी बसले होते ती जागा शोधली आणि तिथे तळवा ठेवला.

"हे," त्या म्हणाल्या.

हात त्यांनी लगेच काढला नाही. मी उभ्यानेच पुढचं वाक्य वाचलं.