गाडीच्या दारावरची जेली

आर्व्हिलाबाई टिंडल यांनी सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आमच्या गावातल्या तिशी-चाळिशीच्या प्रत्येकाने त्यांच्या हातचा मक्याचा पाव खाल्लेला आहे, आणि ताटातली भेंडी गुपचूप टाकताना त्यांच्या तावडीत सापडून ती निमूट परतही खाल्लेली आहे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी नुकतीच शेजारी राहायला आले होते. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नव्हतं, त्यांची तीन पेरूची झाडं होती. मला त्या पोरी म्हणत, अजूनही म्हणतात. माझी मुलगी कॉलेजात गेली तरी.

दर ऑगस्टमध्ये त्या पेरूची जेली करत. फोडी शिजवायच्या, पिठाच्या पिशवीच्या कापडात बांधून टांगायच्या, आणि रस आपला आपण गळू द्यायचा. मी पहिल्या वर्षी मदतीला गेले आणि उत्साहाने ती पुरचुंडी पिळली, तर हातावर चापट बसली. "पिळलं की जेली गढूळ होते. त्याला त्याच्या मर्जीने येऊ दे." मग साखर, लिंबाचा रस, आणि चमच्यावरून दोन थेंब एकमेकांना बिलगून एकत्र पडले की तत्क्षणी खाली उतरवायचं. बरण्यांवर मेणाचा थर. वीसेक बरण्या चर्चच्या विक्रीला जात, उरलेल्या घरात. लेबल वगैरे काही नाही, चिकटपट्टीवर फक्त वर्ष.

घरात म्हणजे त्या आणि डॉर्सी. डॉर्सी त्यांच्या भावाचा मुलगा. भावाची बोट एका वादळात परत आली नाही आणि भावजयीने टँपा शहरात दुसरा संसार मांडला, तेव्हा नऊ वर्षांचा डॉर्सी एका पिशवीसकट बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. बाई विधवा, मूलबाळ नाही. त्यांनी त्याला आधी जेवायला वाढलं आणि मग विचारलं, किती दिवस राहणार. तो म्हणाला, माहीत नाही. तो राहिला.

मोठा झाल्यावर त्याने धक्क्याजवळ बोटींच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. हात चांगला होता, पण जीव सगळा मोटारगाड्यांच्या शर्यतीत. आधी मातीच्या गोल मैदानावर पत्र्याच्या जुन्या गाड्या पळवायचा. मग एका वर्षी अचानक त्याच्याकडे जर्मन बनावटीची खरीखुरी शर्यतीची गाडी आली, ती वाहून न्यायला ट्रक आला, ट्रकबरोबर चार मेकॅनिक आले.

आमच्याकडे त्या वर्षांत समुद्रात चौकोनी मासे फार सापडत. म्हणजे गांज्याचे गठ्ठे, गस्तीची बोट दिसली की घाईघाईने पाण्यात फेकलेले. कुणाच्या अंगणात नवी गाडी दिसली की धक्क्यावर लोक एवढंच म्हणत, "यंदा मासळी बरी लागलेली दिसते." पुढे कुणी काही विचारत नसे.

बाईंनी मात्र एकदा विचारलं. मी तिथेच वाटाणे सोलत बसले होते.

"डॉर्सी, बोटींच्या मोटारी एवढ्या बिघडतात का रे?"

"समुद्र खारट असतो, आत्या," तो म्हणाला, आणि तिसरा पाव उचलून चालता झाला.

बाईंनी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग वाटाण्यांकडे. विषय तिथेच राहिला.

त्या मार्चमध्ये जुन्या विमानतळावर बारा तासांची मोठी शर्यत होती. बाईंनी त्याला शर्यतीत कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. टोपलीत पाव, कोंबडी आणि जेलीची एक बरणी. आम्ही गाड्या उभ्या होत्या तिथवर पोचलो. एकेका गाडीवर तेलाची, बिअरची, सिगारेटींची इतकी नावं, की खालचा रंग दिसू नये. डॉर्सीची गाडी पांढरीशुभ्र होती. तिच्या दोन्ही दारांवर हातभर उंचीच्या गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं: आर्व्हिला आत्याची पेरूची जेली.

बाई थांबल्या. चष्मा काढून पदराने पुसावा तसा त्यांनी ब्लाउजच्या टोकाने पुसला, परत घातला. अक्षरं तिथेच होती.

"हे काय आहे?"

"जाहिरात, आत्या."

"कशाची?"

"तुझ्या जेलीची."

"माझी जेली विकतंय कोण?"

"तसं कुणीच नाही."

"मग जाहिरात कशाची?"

डॉर्सी डोकं खाजवायला गेला, पण डोक्यावर हेल्मेट होतं. "त्याचं असं झालं. मागच्या महिन्यात एका वार्ताहराने विचारलं, सगळ्यांच्या गाड्यांवर कंपन्यांची नावं, तुमची कोरी कशी? तुमचा खर्च कोण करतं? समोर तू दिलेला डबा उघडा होता. माझ्या तोंडून गेलं, माझी आत्या करते, तिची जेलीची कंपनी आहे. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. मग रंगाऱ्याला बोलवावंच लागलं."

"आणि हे लिंबू कशाला काढलंय?"

"तो पेरू आहे."

"पेरू असा असतो?"

"रंगारी मिशिगनचा आहे, आत्या. तिकडच्या बर्फात पेरू कुठले!"

"पुसून टाक."

"वीस मिनिटांत शर्यत सुरू होतेय. पांढऱ्यावर गुलाबी फासलं तर आणखीनच वाईट दिसेल."

"दिसण्याचं मी बोलत नाहीये. माझं नाव आहे ते. खोट्या गोष्टीवर माझं नाव लावून तू ते साऱ्या जगासमोर गोल गोल फिरवणार?"

गोल गोल फिरलंच. दोन-अडीच मिनिटांनी एकदा बाईंचं नाव आमच्यासमोरून असं सणसणत जाई की वाचायला अर्धं अक्षरच मिळावं. पहिला तासभर त्या हाताची घडी घालून बसल्या. पुढे मी पाहिलं, की गाडी यायची वेळ झाली की त्यांची मान आपोआप वळणाकडे वळत होती.

दुपारी जॉर्जियाचं एक कुटुंब शोधत शोधत आलं. नवरा-बायको आणि बायकोची आई. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की ती आत्या स्वतः आलेली आहे.

"तुमची जेली कुठे मिळते हो?" बायकोने विचारलं. "आमच्या गावात पेरूच मिळत नाहीत. आई लहानपणी इकडे राहायची, तिला अजून ती चव आठवते."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेली करत नाही म्हणावं, तर ते खोटं. विकते म्हणावं, तर तेही खोटं. शेवटी त्यांनी टोपलीतली बरणी काढून म्हातारीच्या हातात दिली. मुलीने पैसे पुढे केले, बाईंनी घेतले नाहीत. म्हातारीने तिथेच मेण बोटाने बाजूला करून चाटून बघितलं आणि मुलीला म्हणाली, "पत्ता लिहून दे यांना. सहा बरण्या."

शर्यत संपल्यावर आम्ही परत निघालो. आमच्या अलीकडचं होमस्टेड गाव जवळ आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरी, तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का गं?"

"आहे. का?"

"त्याने नाव लावून ठेवलंय. आता त्या नावामागे काहीतरी असायला हवं."

अशी ती कंपनी निघाली. अन्न खात्याचा माणूस येऊन म्हणाला, दोन मोऱ्या हव्यात, मांजर आत यायला नको, केस बांधलेले हवेत. सव्वीस वर्षं ज्या बाईने शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं तिला हे सांगताना त्याचाच आवाज बारीक झाला. डॉर्सीने स्टीलची नवी शेगडी, मोठा फ्रीज, सगळं आणून द्यायची तयारी दाखवली. बाईंनी तिथल्या तिथे तोडलं.

"तुझ्या खारट समुद्रातलं काहीही माझ्या पातेल्यात येता कामा नये."

तो हसला, पण त्यानंतर त्याने परत विचारलं नाही. बाईंनी चर्चचं स्वयंपाकघर आठवड्यातून दोन दिवस घेतलं. पेरू आमच्या आळीतल्या परसांतले, रस काढून बर्फात ठेवलेला. लेबलावरचा पेरू मी काढला. जॉर्जियाला सहा बरण्या गेल्या, तिथून बाराची मागणी आली. पेट्रोल पंपावर, गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानात, रस्त्याकडेच्या फळांच्या टपऱ्यांवर जेली दिसू लागली. शर्यतीला जाणारे लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. डॉर्सी एक शर्यत जिंकला, तेव्हा वर्तमानपत्रातल्या फोटोत तो गाडीवर उभा होता आणि त्याच्या बुटांखाली बाईंचं नाव. "पाय तरी खाली घ्यायचेस," त्या म्हणाल्या, आणि फोटो कापून कपाटात ठेवला.

दोन वर्षं अशी गेली.

मग एका मंगळवारी सकाळी त्याला धक्क्यावर धरलं. दोन बोटी भरून गांजा, सहा माणसं. त्याच वेळी तिघे अधिकारी चर्चच्या स्वयंपाकघरात आले, कारण गाडीच्या दारावर नाव होतं ना. पुढचा होता प्रुइट नावाचा जाडसर, टक्कल पडलेला गृहस्थ. मी बरण्या उकळत होते, बाई पातेल्यापाशी.

"बाई, शेगडी बंद करा. झडती घ्यायची आहे."

"दोन मिनिटं."

"आत्ता."

"आत्ता उतरवलं तर नुसता पाक आणि उशीर केला तर गोंद. तुम्ही तिथे उभे राहा. टोपी काढा."

प्रुइटसाहेबांनी टोपी काढली. दोन थेंब बिलगून पडले, बाईंनी पातेलं उतरवलं, हात पुसले. "आता घ्या झडती. डॉर्सीने काय केलंय?"

प्रुइटसाहेबांनी सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी एकदाच विचारलं त्याला. परत विचारायला हवं होतं. मला उत्तर नको होतं, म्हणून विचारलं नाही."

डॉर्सीने बोटींचा गुन्हा कबूल केला. राहिला प्रश्न गाडीचा. शर्यतीचा सगळा खर्च गांज्याच्या पैशातून केला, असा वेगळा आरोप होता. त्याचा वकील बाईंच्या बैठकीत येऊन बसला, दोन पाव जेली लावून खाल्ले, मग मुद्द्यावर आला.

"बाई, तुम्हाला काही फार बोलायचं नाही. गाडीवर नाव तुमच्या कंपनीचं. गाडी तुमच्या कंपनीने चालवली, एवढं म्हटलंत की तो आरोप गळतो. मुलाची तीन वर्षं वाचतात."

बाई म्हणाल्या, "विचार करून सांगते."

चार दिवस त्यांनी जेली केली नाही. पाचव्या दिवशी मी त्यांना तुरुंगात भेटायला नेलं. जाळीपलीकडे डॉर्सी बारीक झालेला, पण डोळे तसेच मिस्कील.

"पेरू कसे आहेत यंदा?"

"पेरूचं राहू दे. मी काय बोलू कोर्टात, ते सांग."

"तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, आत्या. मला काही इथे राहायची हौस नाही."

"मग बोलू तसं?"

डॉर्सी जाळीशी चाळा करत म्हणाला, "तुला जमायचं नाही गं. चौथीत मी ताप आल्याचं सोंग केलं, तू मला घरी नेलंस, आणि अर्ध्या वाटेवरून वळून हेडमास्तरांना सांगून आलीस की याला ताप नाही. कोर्टात अर्ध्या वाटेवरून वळलीस तर माझी फजिती होईल."

बाई हसल्या, मग डोळे पुसले, मग त्याला विचारलं, आत जेवायला काय देतात. त्याने सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा खरोखर पडला.

कोर्टात बाईंनी चर्चला जायची निळी टोपी घातली होती. वकील उठला.

"गाडीवर तुमच्या कंपनीचं नाव होतं?"

"हो."

"म्हणजे या गाडीला तुमच्या कंपनीचा आधार होता?"

"होता तर. दर शर्यतीला मी दोन बरण्या आणि पाव पाठवत होते. चार मेकॅनिक जेवायचे त्यात."

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग सरकारी वकील उठला. त्याने विचारलं, आठवड्याला किती बरण्या होतात.

"चाळीस. पेरूंनी साथ दिली तर पन्नास."

"यावर अशी गाडी चालेल?"

बाईंनी डॉर्सीकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, पण खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतोय.

"साहेब, माझ्या जेलीवर त्या गाडीचं एक दारसुद्धा आलं नसतं," बाई म्हणाल्या. "आणि नाव लिहिलं तेव्हा तर जेली विकायला नव्हतीच. नाव आधी आलं, जेली मागून आली. नाव खोटं पडू नये म्हणून मला ती करावी लागली. आणि त्यावर काढलंय ते लिंबू आहे, पेरू नाही, हेही लिहून घ्या."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी कागदात तोंड घातलं. सगळ्यांत मोठ्याने हसत होता डॉर्सी, आणि हसता हसताच त्याने आत्याला हात जोडले.

त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. सहा भोगून सुटला. त्या सहा वर्षांत तुरुंगाने काचेची बरणी आत घेतली नाही, म्हणून बाई महिन्याला एकदा चव सांगणारं पत्र लिहीत: या खेपेची जरा आंबटसर, ही लालभडक, ही तुझ्या शेजारणीने करपवली. बाईंच्या घराचीही झडती झाली होती, पण तिथे गांज्याचा माल की पैसा काहीच निघाला नव्हता, त्यामुळे जप्ती आली नाही आणि घर, झाडं, पातेली जिथल्या तिथे राहिली. प्रुइटसाहेब आता नोकरीतून निवृत्त झालेत. नाताळच्या आधी येऊन डझनभर बरण्या नेतात. दारात येताच टोपी काढतात.

डॉर्सी आता जेलीची गाडी चालवतो. जुनी डबा व्हॅन आहे, पांढरी. दारावरचं नाव त्याने स्वतः रंगवलं, अक्षरं जरा लहान, आणि पेरू काढायला मला बोलावलं. गेल्या गुरुवारी मी आणि बाई त्याच्याबरोबर गेलो होतो, मागे काचेच्या तीनशे बरण्या. तो इतका जपून चालवत होता की मागून एका म्हाताऱ्या शिक्षिकेने हॉर्न वाजवला आणि पुढे निघून गेली.

बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आरशात पाहिलं, मग डॉर्सीकडे.

"अरे, दाब की जरा. माझं नाव आहे त्या दारावर."