दोनदा वाचलेलं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय.

मीरा रोडच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. करणी, उतारा, अंगारे-धुपारे — याविरुद्ध मोरव्यापासून घोडबंदरपर्यंत बोलत फिरले. आमच्या वाचनालयाच्या समितीत माझा शब्द शेवटचा असायचा. आणि ते मला आवडायचं — का लपवू?

नीलिमा आमची ग्रंथपाल. रत्नागिरीकडची, शांत. तिने चेटकिणींवरचं एक चित्रमय पुस्तक मागवलं. मुखपृष्ठावर केस सोडलेली म्हातारी. समितीने ते माझ्याकडे वाचायला दिलं. आठवडाभर ते प्लॅस्टिकमध्येच पडून होतं. बैठकीच्या सकाळी मी प्लॅस्टिक फाडून फेकलं, आणि जाऊन सांगितलं, "पोरांच्या डोक्यात भुतं घालणारं कॉमिक आहे हे."

"मॅडम, शेवटपर्यंत वाचलंत?" नीलिमाने विचारलं.

"वाचल्याशिवाय बोलते का मी?"

पुस्तक नापास झालं. सगळ्यांसमोर तिला समज मिळाली. महिन्याभरात तिने काम सोडलं.

पुस्तक माझ्याच घरी राहिलं. पुढे पाय मुरगळून घरी बसले तेव्हा उघडलं. एका पानावर अख्खं गाव गोल उभं, प्रत्येकाचं बोट रोखलेलं — आणि मधली जागा रिकामी. चेटकीण नसतेच, बोटांना कुणीतरी लागतं. जन्मभर मी हेच तर सांगत होते! पण इतकं नेमकं मला कधी जमलं होतं?

मग वाचनालयातच मी त्या पुस्तकावर तासभर बोलले. "पहिल्या वाचनात मला ते कळलं नाही, दुसऱ्या वाचनाने माझं मत बदललं," असं म्हणाले. टाळ्या थांबेनात. या वयात मत बदलायला धाडस लागतं, असं लोक म्हणत होते.

नीलिमा आली होती. आता ती नया नगरात कपड्यांच्या दुकानात असते. तिने माझा हात धरला. "मला वाटायचं, माझीच निवड चुकली. तुम्ही दोनदा वाचलंत मॅडम, बरं वाटलं."

पहिलं वाचन नव्हतंच — एवढंच बोलायचं होतं. घाबरले का? नाही. त्या टाळ्या सोडवेनात. मी तिचा हात थोपटला आणि "येत जा गं" म्हणाले.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोन केलेला नाही. आणि त्या भाषणाचा मला आजही अभिमान वाटतो.