अप्पांची शीळ

अप्पा मारायच्या आधी शीळ घालायचे. चिडून मारणारे बाप वेगळे. ते ओरडतात आणि त्यांचा निम्मा मार ओरडण्यातच संपतो. अप्पा शांत असायचे. किनवटकडच्या जंगलातल्या एका वसतिगृहाचे ते अधीक्षक होते आणि आम्ही त्याच आवारात दोन खोल्यांत राहायचो. हजेरी झाली की ते लांब व्हरांड्यातून सावकाश चालत यायचे. हातात शिंदीचा ओला फोक, ओठांवर आजीच्या कानडी पदाची चाल. चाल गोड होती हे मला आजही मान्य आहे. दुसऱ्या ओळीत एक सूर वर चढायचा, तिथं थरथरायचा आणि हळूच खाली यायचा. शीळ संपल्यावर पहिला फटका. दोन्हींच्या मध्ये एका श्वासाएवढी जागा असायची. तेवढ्यात पोरं तळहात पुढं करायची.

एक मुलगा मोहफुलं वेचायला पळून गेला होता. सापडल्यावर त्याच्या पोटऱ्या फुटेपर्यंत फोक चालला. रक्त टाचेपर्यंत उतरलं. फरशीवर उमटलेली लाल पावलं अप्पांनी त्यालाच पुसायला लावली. अधीक्षकाचा मुलगा म्हणून मला सूट नव्हती. पक्षपात होत नाही, एवढं दाखवण्यासाठी मला सगळ्यांच्या आधी बोलावलं जायचं. नववीत असताना कानशिलावर बसलेल्या एका थपडेचा बारीक आवाज माझ्या डाव्या कानात अजून चालू आहे. पुढं लातूरला मी शिकवणी वर्गांच्या व्हिडिओंचा आवाज साफ करायची नोकरी धरली, तेव्हापासून सगळा भरवसा उजव्या कानावर.

दोन वर्षांपूर्वी नांदेडहून अप्पांचा फोन आला. ते तिकडं ताईकडं राहतात. त्यांचे जुने विद्यार्थी नायगावला त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार करणार होते.

"सोमवारी डॉक्टर पुढचे सगळे दात काढणार हाय," अप्पा म्हणाले. "मग शीळ गेली. त्याच्या आत टेप करून घे. सत्काराच्या दिवशी लाउडस्पीकरवर लावायची हाय."

"ताईच्या मोबाइलवर भरा की."

"मोबाइलवर न्हाई. हेच काम करतोस ना तू? मग नीट कर."

ऑफिसातली यंत्रं ऑफिसची. घरी माझ्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता आणि आठ दिवस होते. मागची खोली मी रिकामी केली, माइक आणला, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून बसस्टँडजवळच्या अंडेवाल्याकडून पुठ्ठ्याचे ट्रे आणून चारी भिंतींना चिकटवले. अंड्यांच्या ट्रेनं आवाज थांबत नाही हे मला नंतर कळलं. गुरुवारी नांदेडहून आलेले अप्पा मात्र थांबले, उंबऱ्यावरच.

"हे काय हाय?"

"आवाज घुमू नये म्हणून, अप्पा."

"गळ्यात लिंग हाय माझ्या. अंड्याच्या खोलीत बसून मी आईचं पद वाजवू? अक्कल गहाण ठेवली का रे?"

त्याच संध्याकाळी मी ट्रे खरवडून काढले. त्यांच्या जागी गाद्या उभ्या केल्या, दोऱ्या बांधून गोधड्या सोडल्या. शिळेची फुंकर थेट माइकवर येऊ नये म्हणून बायकोनं भरतकामाच्या रिंगेत जुन्या ओढणीचा तुकडा ताणून दिला. ती म्हणाली, "मामंजींच्या तोंडाला एवढी मऊ वस्तू पहिल्यांदाच लागतीय."

आमच्या घराला लागून डाळ मिल आहे. ती रात्रंदिवस चालते आणि आमची भांडीसुद्धा हलतात. आमच्या भागात शुक्रवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते आणि आठवड्यातली खरी शांतता तेवढीच. तेव्हा कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवर चालवायचा. बॅटरी पंधरा मिनिटं टिकते, आणि तेवढ्या वेळात लाइट गेल्याचं टूं टूं करून सांगत राहते. मी तो डबा उघडून आतला भोंगा तोडून टाकला. दात सोमवारी जाणार, शुक्रवार एकच. म्हणजे पंधरा मिनिटं.

लाइट गेली. मिल थांबली. अप्पा माइकसमोर खुर्चीत ताठ बसले, काठी मांडीवर आडवी. मी शेजारी स्टुलावर, कानाला हेडफोन.

शीळ सुरू झाली आणि माझा गुडघा टेबलाला आपटला.

"काय झालं?"

"काही न्हाई. परत घ्या."

हेडफोनमध्ये ती शीळ कानातून येत नव्हती, कवटीच्या आतूनच येत होती. दुसऱ्या खेपेला मी गुडघे धरून बसलो, तर स्टूल करकरलं. तिसऱ्या खेपेला माइकमध्ये माझा श्वासच भरला गेला, धावून आलेल्या कुत्र्यासारखा. मी बावन्न वर्षांचा होतो. चष्मा होता, मधुमेह होता, लग्नाची मुलगी होती.

"पोरांदेखत असा बसला असतास," अप्पा म्हणाले, "तर तुला..."

"बॅटरी संपतीय, अप्पा. घ्या."

चौथ्या खेपेला त्यांनी जी शीळ घातली तशी मी पूर्वी ऐकली नव्हती. हलत्या दातांमधून वारा निसटत होता, पण दुसऱ्या ओळीतला तो सूर चढला, थरथरला आणि कुठंही न तुटता खाली आला. मी पुतळ्यासारखा बसलो होतो. शीळ संपली. एका श्वासाची जागा आली. आणि माझा हात आपोआप वर गेला, कोपर तोंडासमोर, तळहात डोक्यावर.

अप्पांनी ते पाहिलं. काठी उचलली आणि त्याच कोपरावर मारली. जोरात. मग आणखी एकदा, खांद्यावर.

"भेकड," ते म्हणाले.

मी डाव्या हातानं फाइल सेव्ह केली. मिनिटाभरात पडदा काळा झाला.

कोपर टरारून सुजलं. हळदीचा लेप लावताना बायको म्हणाली, "लोक स्टुडिओतून गाणं घेऊन येतात." दुसऱ्या दिवशी फाइल ऐकली. शीळ, श्वास, काठीचा ठक्क आवाज, माझं "आई गं", पुन्हा ठक्क, "भेकड". सगळं स्वच्छ. गोधड्यांनी काम चोख केलं होतं. शीळ संपते तिथून पुढचं मी कापून टाकलं.

नायगावच्या मंगल कार्यालयात दोनशे खुर्च्या भरल्या होत्या. शाल, श्रीफळ, फेटा आणि अप्पांपेक्षा मोठा अप्पांचा फोटो. पाच जणांनी भाषणं केली आणि पाचही जणांनी सांगितलं की सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो. जे मारूनही घडले नाहीत त्यांना निमंत्रण नसावं. मोहफुलंवाला मला कुठं दिसला नाही. मग सूत्रसंचालकानं जाहीर केलं की सरांचा एक अज्ञात कलागुण आता ऐकू या.

अज्ञात तो फक्त सूत्रसंचालकाला होता.

पहिल्याच सुराला हॉलमधली कुजबुज बंद झाली. पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पन्नाशीची माणसं, कुणी मुख्याध्यापक, कुणी खताचा दुकानदार, कुणी फौजदार, सगळ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. दुसरी ओळ आली, सूर चढला, थरथरला, उतरला. शीळ संपली. टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेतल्या फौजदारानं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले होते. त्याला ते माहीत नसावं. सगळे पुढच्याची वाट बघत होते, आणि पुढचं मी कापलं होतं.

खूप वेळानं सूत्रसंचालकानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत अप्पा माझ्या शेजारी बसले, फेटा मांडीवर, काठी दोन गुडघ्यांमध्ये. टाळ्यांचं विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होतो. नांदेड जवळ आल्यावर ते मोकळ्या हिरड्यांनी हसले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अजून शिस्त हाय पोरांना."