पोतंभर सांबार

न बोलणाऱ्या बायका घोळ घालत नाहीत, असा एक समज आहे. तो मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडून काढला, तोही एकच शब्द नीट ऐकून. हो, अगदी नीट ऐकून!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. "जिल्हा झाला, पण पाऊस काई त्याच्यासंगं आला न्हाई," असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नव्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे साहेब आले आणि साहेबांमागे एक उडुपी हॉटेल आलं. आमचं शेत शहराच्या अगदी शिवेला. विहिरीत हंडा बुडेल न बुडेल एवढं पाणी. त्यावर चार वाफे भाजी आणि बांधावरचा शेवगा जगवलेला. ती भाजी आमचे हे रोज सायकलवरून त्या हॉटेलच्या अण्णांकडे पोचवायचे. एवढं एकच गिऱ्हाईक टिकलं होतं. ते तुटलं तर पुढे काय, हे घरात कुणी बोलत नसे.

आणि एक वाफा कोथिंबिरीचा. तो सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा. न्हाणीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी त्या तिथे नेऊन ओतत. निम्मी कोथिंबीर हॉटेलला, निम्मी धने धरून पुढच्या बियाण्याला, असा त्यांचा हिशोब.

एक दिवस मामंजी आणि आत्याबाई कंधारला एका साखरपुड्याला गेले. हे विहिरीत उतरून गाळ काढत होते. तेवढ्यात गावातून परतणारा दूधवाला दारातूनच ओरडला, "वहिनी, अण्णाचा निरोप हाय. उद्या मोठे साहेब येऊन राहिले. सांबाराचं लई लागंल म्हणं, कमी पडू देऊ नका."

आता मी पडले किनवटची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. इडलीबरोबर वाटीत येतं ते सांबार मी तोवर चाखलंसुद्धा नव्हतं. सासरी सगळे कोथमीर, कोथमीर करायचे. मला वाटलं, चला, तो हॉटेलवाला तरी आपल्याकडचा निघाला!

संध्याकाळी हे चिखलाने माखून वर आले. मी निरोप सांगितला आणि म्हटलं, मी बघते सगळं. लग्नानंतर मी इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले असेन. यांना इतका आनंद झाला की यांनी पुढे काही विचारलंच नाही.

पहाटे मी वाफ्यावर बसले आणि उपटत सुटले. कमी पडू देऊ नका म्हणाले होते ना? एक काडी मागे ठेवली नाही. ओल्या पोत्यात भरून तोंड शिवलं. सायकलला पोतं बांधताना यांनी विचारलं, "सांबाराचं समदं घेतलंस?"

"हो. सगळंच काढलं."

"हलकं लागून राहिलंय."

मी म्हटलं, पाण्याविना भाजीत वजन कुठून येणार? त्यांनाही ते पटलं. खूश होऊन म्हणाले, चल, तुलाही जिल्हा दाखवतो.

हॉटेलच्या भटारखान्यात डाळ रटरटत होती. अण्णांनी पोत्याची शिवण उसवली. वरची कोथिंबीर बाजूला केली, खाली कोथिंबीर. कोपरापर्यंत हात घातला, तरी कोथिंबीर. शेवटी पोतं उलटं केलं.

"अम्मा, शेंगा कुठं हाय? वांगी कुठं, दुधी कुठं? सांबार कशाचा करू?"

मी ढिगाकडे बोट दाखवलं. "हा काय सांबार."

अण्णांनी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. मी कुणाकडे पाहणार? मी डाळीकडे पाहिलं.

अण्णा हसले नाहीत. माणसं जेवायला येणार होती, त्यांना हसायला फुरसत कुठली. म्हणाले, आता मी मंडईतून भाजी आणतो, आणि मंडईवाला एकदा शिरला की रोजचाच होतो. यांचा चेहरा उतरला. "अण्णा, जाऊन येतो. तोवर मंडईत जाऊ नका," एवढं बोलून यांनी सायकलवर टांग टाकली. आणि मी? मी तिथेच तारण राहिले!

नुसतं बसून काय करायचं? कोथिंबीर निवडायला घेतली. किनवट, आमचं सांबार, सगळं हळूहळू अण्णांना सांगितलं. तेव्हा कुठे ते हसले, आणि असे हसले की हातातला झारा खाली पडला. नारळ महाग म्हणून चटणी पातळ होत होती. त्या दिवशी माझी कोथिंबीर पडून ती हिरवीगार झाली. घामाने निथळत हे शेंगा घेऊन पोचले तेव्हा साहेबांची पहिली पंगत इडल्यांबरोबर चटणीच चाटून खात होती. मंडईची पाळी आली नाही.

पण घरी वाफा उघडा पडला होता. आत्याबाई कंधारहून येऊन त्याच्या कडेलाच बसलेल्या.

"समदा?"

"सगळा."

मी रडायच्या बेतात. त्यांनी मातीत दोन बोटं फिरवली, तिथे काहीच नव्हतं. मग माझ्या हाताला लागलेला हिरवा रंग पाहिला. "सकाळपासून काई खाल्लंस का?" म्हणाल्या आणि पदर खोचून भाकरी थापायला उठल्या. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. त्या म्हणाल्या, "बी कुटं बी मिळंल. जेव."

दुसऱ्या दिवशी हे हॉटेलवरून परतले ते निरोप घेऊनच. दुपारच्या डाळीत घालायला अण्णांना चुका हवा होता, आंबट चुक्याची पालेभाजी. मामंजी म्हणाले, या दुष्काळात चुका कुठून आणायचा? आत्याबाईही विचारात पडल्या.

मी चुलीपुढूनच म्हटलं, "लागतील तेवढ्या चुका मागा म्हणावं. घरात मी आहे ना."